महाविद्यालय धाकटें आणि विद्यापीठ थोरलें काय ?

हडपसरच्या एखाद्या दुकानदाराचा मुलगा बारावीच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला, म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं त्याचें नांव जवळच्या कॉलेजांत घालावें कीं एखाद्या विद्यापीठांत ? कॉलेज म्हणजे लहान वस्तु आणि विद्यापीठ म्हणजे मोठी, असें गृहीत धरूनच बहुधा त्याचा निकाल लागतो. जो गृहस्थ पोतें उघडून पाहिल्यावांचून मालाचा भाव ठरवीत नाहीं, त्यानें मुलाच्या आयुष्यांतील तीन-चार वर्षें केवळ पाटीवरील अक्षरें पाहून देऊन टाकावीं, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. म्हणून या दोन संस्थांत खरा भेद कोणता, तें पाहूं.

विद्यापीठाचा विशेष हा, कीं तेथें शिकविण्याबरोबर नवें ज्ञान उत्पन्न करावयाचें असतें. १८१० सालीं बर्लिन येथें व १८७६ सालीं अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स येथें हाच आदर्श पुढें ठेवून विद्यापीठें उघडलीं. अमेरिकेंतील अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर हीं उदार शिक्षणाचीं कॉलेजें निराळ्या हेतूनें चालतात. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास. शिक्षण बहुतेक पदवीपुरतें. विद्यार्थ्यानें एका विषयांत खोल जावें, पण इतिहास, गणित, तत्त्वज्ञान, पदार्थविज्ञान यांशीं अपरिचित राहूं नये, आणि लहान वर्गांत गुरूशीं वाद करून स्वतः विचार करावयास शिकावें, हा त्यांचा उद्देश. हीं कॉलेजें अभ्यासक्रम आपण आंखतात, परीक्षा आपण घेतात व पदवीही आपणच देतात. तीं कोणत्याही विद्यापीठाचीं अंकित नाहींत.

आमच्याकडे घडी निराळी बसली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें तें लंडनच्या धर्तीवर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेण्याकरितां. शिकवावें कॉलेजानें आणि शिक्का मारावा विद्यापीठानें, अशी ही वांटणी होती. १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. तेथें आगरकरांनीं शिकविलें, गोपाळराव गोखल्यांनीं मासिक पाऊणशें रुपयांवर शिकविलें. पण त्यांच्या शिष्यांची परीक्षा मुंबईच्या विद्यापीठाच्या हातीं. १९४९ सालीं पुण्यास स्वतंत्र विद्यापीठ झालें, तरी ही रीत मोडली नाहीं. १९५६ च्या कायद्यानें पदवी देण्याचा अधिकार मुख्यत्वें विद्यापीठांनाच ठेविला. आज हडपसरांत अण्णासाहेब मगर महाविद्यालय आहे, रयत शिक्षण संस्थेचें एस. एम. जोशी कॉलेज आहे. पदवी मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. स्वायत्त झालेलें फर्ग्युसनसुद्धां अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवितें, पण पदवी स्वतःच्या नांवानें देत नाहीं.

याचा परिणाम असा होतो, कीं जो शिकवितो त्याला काय शिकवावें हें ठरवितां येत नाहीं, आणि जो ठरवितो त्याला विद्यार्थ्याचें तोंडही ठाऊक नसतें. मग मार्गदर्शक पुस्तकें पाठ करून परीक्षा उरकणें हाच विद्याभ्यास होऊन बसतो. कोणी म्हणेल, प्रत्येक कॉलेजास पदवी देऊं दिल्यास खोटीं नाणीं बाजारांत येतील. हें भय अगदींच खोटें नाहीं. पण त्यावर उपाय टांकसाळीची कडक तपासणी हा आहे. चांगल्या कारागिराचे हात बांधून ठेवणें हा नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें कॉलेजांनीं पुढें स्वतः पदवी द्यावी असें म्हटलें आहे. तें कागदावर राहूं नये.

दुसरें असें, कीं उदार शिक्षण ही श्रीमंतांची चैन नव्हे. लाखों रुपये शुल्क घेणाऱ्या खासगी विद्यापीठांतच तें मिळावें आणि शेतकऱ्याच्या मुलीनें तीन वर्षें टांचणें घोकावीं, ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. डॉ. आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून १९१२ सालीं पदवीधर झाले व १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले. कॉलेजांत बुद्धीची मशागत, विद्यापीठांत संशोधनाचें पीक, असा हा क्रम आहे. मशागतीस हलकें काम समजणारा शेतकरी आम्हीं अद्याप पाहिला नाहीं !

तेव्हां हडपसरच्या पालकांस आमचें सांगणें इतकेंच, कीं पाटी वाचण्यापूर्वीं चार प्रश्न विचारा. पहिल्या वर्षास प्रत्यक्ष कोण शिकवितो ? वर्गांत विद्यार्थी किती ? मुलास आपल्या शाखेबाहेरचा विषय घेतां येतो काय ? आणि त्याचा निबंध वाचून त्याच्या चुका त्याला कोणी दाखवितो काय ? ज्या संस्थेंत या चारही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळतील, ती कॉलेज असो कीं विद्यापीठ, तीच तुमच्या मुलास थोरली.