नवा हेडफोन वाजवून वाजवून ‘खुलतो’ काय?

मोबाइल आणि त्याच्या सुट्या सामानाच्या धंद्यात आज आपले पुष्कळ तरुण आहेत. कोणी दुकान चालवतो, कोणी काउंटरवर बसून दुरुस्ती करतो, कोणी घाऊक माल आणून गावोगाव पुरवतो. या दुकानांवर एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. गिऱ्हाईक नवा हेडफोन नेते, दुसऱ्या दिवशी परत येते आणि म्हणते, आवाज कोंडल्यासारखा येतो. दुकानदार शांतपणे सांगतो, “भाई, अजून नवा आहे. पन्नास-शंभर तास वाजू द्या, मग बघा कसा खुलतो.” गिऱ्हाईक समाधान मानून घरी जाते.

या प्रकाराला इंग्रजीत ‘बर्न-इन’ किंवा ‘ब्रेक-इन’ म्हणतात. महागड्या हेडफोनचे शौकीन तर नवा नग रात्रभर उशीखाली वाजत ठेवतात. यात खरे किती आणि ऐकीव किती, हे विकणाऱ्याने एकदा नीट समजून घेतले पाहिजे. गिऱ्हाइकाचा पैसा आणि आपली जबान, दोन्ही त्यात अडकलेले असतात.

मी कापडवाला माणूस, मग या मामल्यात का पडलो, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की ‘वापरल्यावर खुलेल’ हे वाक्य मुळात आमच्याच बाजारातले आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, कुठेही जा. ताण्याचे सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावतात, म्हणजे ते विणताना तुटत नाही. ही खळ कोऱ्या कापडात राहिली तर कापड कडक लागते. दोन धुण्यांत खळ निघते आणि कापड मऊ पडते. हे शंभर टक्के खरे आहे. हाताला कळते आणि काट्यावरही दिसते, कारण खळ गेली की वजन घटते. पण हेच वाक्य विरळ विणीचा, खळीने जड केलेला माल खपवायलाही वापरले जाते. तो कपडा धुतल्यावर खुलत नाही, जाळीसारखा होतो. वाक्य तेच, माल दोन प्रकारचा. म्हणून तजुर्बेकार व्यापारी वाक्यावर जात नाही, तुकडा धुऊन बघतो.

वापराने रुळणाऱ्या वस्तू दुनियेत आहेतच. कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते, मग पायाच्या मापाची होते. मिरजेचे शिकलगर कारीगर सांगतील की सतारीला नवी तार चढवली की ती सुरुवातीला उतरत राहते, ताण बसला की स्थिर होते. जुन्या स्कूटरना पहिले हजार किलोमीटर बेताने चालवावे लागे. लोकांनी हाच अनुभव हेडफोनला लावला. चूक एवढीच झाली की हेडफोनच्या आत घासणारे, ताणणारे किंवा झिजणारे काय आहे, हे कोणी उघडून बघितले नाही.

आता ते बघू. नेहमीच्या हेडफोनमध्ये मुख्य वस्तू तीनच असतात. एक चुंबक, दुसरी अतिशय बारीक तारेची गुंडाळी आणि तिसरा त्या गुंडाळीला चिकटवलेला पातळ पडदा. तारेतून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की गुंडाळी चुंबकाजवळ मागेपुढे हलते, तिच्याबरोबर पडदा हलतो आणि हवा हलवून आवाज करतो. जर्मनीच्या बायर कंपनीचा डीटी-४८ हा १९३७ सालचा हेडफोन याच पद्धतीचा होता आणि आजही बहुतेक माल त्याच पद्धतीचा आहे. हा पडदा बहुधा पॉलिएस्टरच्या फिल्मचा असतो. म्हणजे टेरीकॉटमधला पॉलिएस्टर धागा ज्या पदार्थाचा, त्याचीच ही केसापेक्षा पातळ चकती. कडेला तिच्यावर बारीक सुरकुत्या दाबलेल्या असतात, त्यांच्यावर ती लवते. पॉलिएस्टर किती चिवट असते हे कापडवाल्याला सांगायला नको. वर्षानुवर्षे धुतलेल्या टेरीकॉटची इस्त्रीची घडी मोडत नाही. तर एवढीशी हालचाल पन्नास तास झाल्याने त्या चकतीचा स्वभाव किती बदलणार?

मग ही समजूत आली कुठून? ती आली मोठ्या लाउडस्पीकरमधून, आणि तिथे ती खरी आहे. स्पीकर रिपेअर करणाऱ्या उस्तादांना ‘स्पायडर’ माहीत असतो. स्पीकरच्या कोनाखाली घड्यांची एक गोल चकती असते, ती गुंडाळीला मध्यभागी धरून ठेवते. ही चकती कापडाची असते. सुती किंवा मिश्र कापड रेझिनमध्ये भिजवायचे आणि गरम साच्यात दाबून घड्या पाडायच्या. आमच्या भाषेत बोलायचे तर ही कायमची खळ. नवा स्पायडर कडक असतो. स्पीकर पहिल्यांदा जोरात वाजला की त्या घड्यांमधले रेझिन जरासे मोडते आणि कापड ढिले पडते. त्यामुळे स्पीकरचा स्वतःचा नैसर्गिक सूर, ज्याला तंत्रज्ञ रेझोनन्स म्हणतात, थोडा खाली उतरतो. हे यंत्रावर मोजता येते. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९६०-७०च्या दशकांत स्पीकर मोजण्याची जी पद्धत घालून दिली, तिच्या आकड्यांत हा फरक साफ दिसतो. पण इथेही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा बदल बहुतांशी पहिल्या काही मिनिटांतच होऊन जातो, त्याला शंभर तास लागत नाहीत. आणि बंद खोक्यात बसवल्यावर आतली हवाच स्प्रिंगचे मोठे काम करते, त्यामुळे कानाला फरक फारसा राहत नाही.

हेडफोनच्या पडद्याला हा कापडी स्पायडर नसतोच. ज्या भागामुळे स्पीकर रुळतो, तोच भाग इथे गैरहजर आहे.

आता कोणी म्हणेल, तर्क ठीक आहे, पण कोणी मोजून बघितले काय? बघितले आहे. अमेरिकेतील टिल हर्टसेन्स या हेडफोन-परीक्षकाने २०११ साली एकेजी कंपनीचा क्यू-७०१ हा हेडफोन कोरा असतानाच यंत्राच्या डोक्यावर चढवला आणि तो वाजत असताना पुन्हा पुन्हा मोजला. फरक निघाला, पण अगदी नाममात्र. हेडफोन डोक्यावर जरा इकडेतिकडे सरकला तरी तेवढा फरक पडतो. पुढे त्याने वापरलेला नग आणि नवा नग न बघता ऐकले, तेव्हा बऱ्याचदा कोणता कोणता हे त्याला ओळखता आले. ‘बर्न-इन’वाले हाच पुरावा पुढे करतात. परंतु हे दोन वेगळे नग होते. कारखान्यातून निघालेले एकाच मॉडेलचे दोन नग हुबेहूब सारखे नसतात, जसे एकाच रंगाचे दोन ताके शेजारी ठेवले की छटेत फरक दिसतो. म्हणजे ओळखलेला फरक वापराचा की नगाचा, हे त्यातून ठरत नाही. दुसरीकडे शुअर या कंपनीने १९९७ साली बाजारात आणलेल्या आपल्या ई-१ इअरफोनचे खूप वापरलेले नग पुन्हा मोजले, तेव्हा ते कारखान्यातून निघाले तसेच निघाले.

तरीही गिऱ्हाईक महिनाभराने येऊन म्हणते की आवाज खरोखर सुधारला. ते खोटे बोलत नसते. बदल झालेला असतो, फक्त पडद्यात झालेला नसतो.

पहिला बदल गाद्यांमध्ये होतो. कानावरच्या नव्या गादीतला फोम ताठ असतो, चेहऱ्याला नीट चिकटत नाही आणि फटीतून खर्ज, म्हणजे बास, निसटून जातो. काही दिवसांच्या वापराने, डोक्याच्या दाबाने आणि गरमीने गादी बसते, फट बुजते आणि बास वाढतो. हा फरक चांगला ऐकू येण्याइतका असतो. चष्मेवाल्याच्या बाबतीत काडीमुळे फट राहतेच. कानात घालायच्या इअरफोनला रबराचे माप चुकले तरी हेच होते. अशा गिऱ्हाइकाला शंभर तास सांगण्यापेक्षा डबीतले दुसऱ्या मापाचे रबर लावून द्यावे, दोन मिनिटांत तक्रार मिटते.

दुसरा बदल कानात, किंवा खरे म्हणजे डोक्यात होतो. ज्याला नव्याने श्रवणयंत्र बसवतात त्याला पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाजही कर्कश लागतो. डॉक्टर सांगतात, काही आठवडे लावून ठेवा, सवय होईल, आणि होते. तिथे यंत्र रुळत नाही, माणूस रुळतो. जुन्या हेडफोनच्या आवाजाला सरावलेल्या माणसाला नवा आवाज आधी परका वाटतो, मग आपला वाटतो.

तिसरी गोष्ट अपेक्षेची. हर्मन कंपनीतील फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली एक चाचणी मांडली. त्याच माणसांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ऐकवले. डोळ्यांसमोर ठेवल्यावर गुण बदलले. पाच हजार मोजलेल्या माणसाला तर सुधारणा ऐकू यावी अशी मनापासून इच्छा असते. आणि एक नवल पाहा. वापराने पडद्याचा स्वभाव खरोखर बदलत असता, तर काही नग बिघडतही गेले असते. पण ‘शंभर तासांनंतर माझा हेडफोन वाईट झाला’ असे सांगणारा माणूस मिळत नाही. यंत्र असे एकतर्फी वागत नसते.

इथवर हा शौकिनांचा वाद म्हणून सोडून देता आला असता. पण धंद्यात त्याचा तोटा होतो. ऑनलाइन घेतलेला माल बदलून घ्यायची मुदत अनेकदा सात-दहा दिवसांची असते. रोज दोन तास ऐकणाऱ्याला शंभर तास भरायला पन्नास दिवस लागतात. म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितल्याप्रमाणे सबुरी धरली की त्याचा हक संपला. आमच्या नात्यातल्या एका मुलाचे असेच झाले. नव्या हेडफोनचा डावा कान मंद वाजत होता. दुकानदाराने वाजवत राहायला सांगितले, त्याने पंधरा दिवस रात्रंदिवस वाजवला आणि परत गेला तर उत्तर मिळाले की मुदत गेली. शेवटी एका कारीगराने उघडला, तेव्हा आतला टाका कच्चा निघाला.

कायदा याबाबत गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे, हे दुकानदारांनी लक्षात घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा त्याच सदरात येते. तेव्हा ‘शंभर तास वाजवा’ सांगून तीस दिवस घालवण्यात विक्रेत्याचा बचाव नाही, उलट गिऱ्हाइकाने ती गोष्ट तक्रारीत लिहिली तर अडचण होईल.

तक्रार आली की काउंटरवरच दोष शोधता येतो. त्याच मॉडेलचा एक वापरलेला नमुना दुकानात ठेवावा. तोच फोन, तेच गाणे घ्यावे, आवाज दोघांचा कानाला सारखा लागेल असा लावावा, कारण जरा मोठा वाजणारा नग नेहमी चांगला वाटतो. मग गिऱ्हाइकाला डोळे मिटून दोन्ही ऐकवावेत. फरक नसेल तर त्याचे त्यालाच कळेल. एक कान मंद असेल तर नव्या नगात टाका किंवा पिन बघावी, वापरलेल्या इअरफोनमध्ये जाळीत मळ साचलेला असतो. खर्जात खरखर येत असेल तर पडद्यावर केस किंवा कचरा अडकलेला असतो किंवा गुंडाळी घासत असते. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. या तारांवर रंगीत लाखेसारखा लेप असतो, तो जाळल्याशिवाय टाका धरत नाही. आणि एका कानाच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही कान वाजतात, पण बास पातळ होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न येता पसरतो. असा नग ‘अजून खुलायचा आहे’ म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती गेला तर हजार तासांनीही सुधारणार नाही.

ब्लूटूथच्या इअरबडमध्ये तर आवाजाचा नखरा बराचसा आतली चिप ठरवते. कंपनीने सॉफ्टवेअर बदलले तर आवाज एका रात्रीत बदलू शकतो. उलट पाच तास चालणारे इअरबड शंभर तास उगाच वाजवले तर बॅटरीचे वीस चार्ज फुकट गेले. आणि कानात घालून मोठ्या आवाजात ‘ब्रेक-इन’ करणे हे तर साफ नुकसानीचे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे.

वापराने हेडफोनमध्ये जी वस्तू खरोखर बदलते ती गादी. एक-दोन वर्षांत तिच्या नकली चामड्याचे पापुद्रे निघतात, फोम चपटा होतो आणि पडदा कानाच्या जवळ येऊन आवाज बदलतो. गिऱ्हाईक त्या वेळी नवा हेडफोन घ्यायला निघते, तेव्हा त्याला मूळ मापाच्या, मूळ जाडीच्या गाद्या दाखवाव्यात. मखमली आणि चामडी गादीचा आवाज सारखा येत नाही, म्हणून जुनी ज्या कापडाची असेल त्याच कापडाची द्यावी. गादी शिवणाऱ्या कारीगरांनाही यात काम आहे.