पूर आणि परावलंबी वृद्ध

विश्वामित्रीचा पूर वडोदऱ्याला नवा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुसळधार पावसाने नदीची पातळी सुमारे ३७ फुटांवर गेली. अशा वेळी धडधाकट माणूस माडी गाठतो. वृद्धाश्रमातील अंथरुणाला खिळलेला वृद्ध मात्र दुसऱ्याच्या हाताची वाट पाहत असतो. तो हात वेळेवर पुढे आला नाही तर काय घडते, हे २००५ साली अमेरिकेत दिसले. कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सजवळील सेंट रीटाज शुश्रूषागृहातील ३५ वृद्ध मृत्युमुखी पडले. त्यांना आधी हलविण्यातच आले नव्हते.

भारतात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २४ वे कलम वृद्धाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने सोडणाऱ्या पालनकर्त्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दंडाची तरतूद करते. परंतु हे कलम हेतू पाहते. निव्वळ गाफीलपणा त्यातून निसटतो. म्हणून खरे रक्षण पूर्वतयारीतच आहे. चालू न शकणाऱ्यांची निवास-व्यवस्था वरच्या मजल्यावर असावी, कोणी कोणास उचलावयाचे हे पावसाळ्यापूर्वीच ठरावे, रात्रपाळीस पुरेसे सेवक असावेत आणि आठवडाभराची औषधे हाताशी असावीत. आप्तांनी वृद्धाश्रमाच्या चालकांना महिन्याच्या खर्चाबरोबर हेही विचारावे. पाणी दाराशी आल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नसते.