ओतीव शिशाची गोळी आणि दारूचे माप : दाब, काठिण्य व मर्यादा यांचे विवेचन

प्रस्तावना :

ज्वलन, मिश्रधातू आणि वायूंचा दाब हे विषय पदवी स्तरावर स्वतंत्र प्रकरणांतून शिकविले जातात. हे तिन्ही विषय एकाच लहान वस्तूत एकत्र आलेले पाहावयाचे असल्यास काडतूस हे त्याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले अनेक लोक वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा भरून काडतूस स्वतः तयार करतात. या क्रियेस रीलोडिंग असे म्हणतात. त्यांपैकी काही जण शिसे वितळवून गोळ्याही साच्यात ओततात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत. त्यामुळे प्रस्तुत लेखाचा हेतू कृती सांगण्याचा नसून तिच्यामागील शास्त्र स्पष्ट करण्याचा आहे.

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये ओतीव गोळी वापरताना दारूचे माप कशावरून ठरते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. ‘दारू जास्त तर वेग जास्त, आणि दारू कमी तर धोका कमी’ असा सर्वसाधारण समज आढळतो. हा समज अपुरा आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. दारूच्या ज्वलनाचे स्वरूप :

काडतुसाचे पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी असे चार घटक असतात. चाप ओढल्यावर प्राइमर पेटतो, त्यामुळे दारू जळू लागते आणि निर्माण झालेल्या वायूंच्या दाबाने गोळी नळीतून पुढे ढकलली जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली. दारूच्या ज्वलनाचा वेग दाबाच्या एका घातावर अवलंबून असतो, हा नियमही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दाब वाढला की ज्वलन जलद होते आणि ज्वलन जलद झाले की दाब आणखी वाढतो. म्हणूनच दारूचे माप दहा टक्क्यांनी वाढविल्यास दाबही दहाच टक्क्यांनी वाढेल, असे मानता येत नाही. मर्यादेच्या जवळ दाब त्याहून पुष्कळ अधिक वाढू शकतो. हे माप ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. हलक्या काडतुसात दारू अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते, हे लक्षात घेतल्यास अचूक तराजूचे महत्त्व पटते.

२. ओतीव गोळीचे वेगळेपण :

कारखान्यातील बहुतेक गोळ्यांवर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते. ओतीव गोळीला असे आवरण नसते. शुद्ध शिशाचे ब्रिनेल काठिण्य सुमारे ५ असते. त्यात कथील व अँटिमनी मिसळल्यास ते वाढते. ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील व ५ टक्के अँटिमनी असलेल्या मिश्रधातूचे काठिण्य सुमारे १५ असते. छापखान्यातील लायनोटाइप यंत्राच्या मिश्रधातूचे काठिण्य सुमारे २२ भरते. अक्षरे ओतण्यासाठी वापरला जाणारा हा धातू पुढे गोळ्या ओतणाऱ्यांच्याही उपयोगी पडला, ही बाब लक्षणीय आहे.

ओतीव गोळी नळीतील खाचांच्या व्यासापेक्षा किंचित मोठी ठेवतात. उदाहरणार्थ, .३८ स्पेशलसाठी आवरणयुक्त गोळी ०.३५७ इंच व्यासाची, तर शिशाची गोळी सामान्यतः ०.३५८ इंच व्यासाची असते. शिसे मऊ असल्याने ते खाचांमध्ये सहज बसते व घर्षण कमी होते. म्हणून आवरणयुक्त गोळीसाठी दिलेले माप ओतीव गोळीस जसेच्या तसे लागू करता येत नाही.

३. दाब आणि काठिण्य यांचा मेळ :

दाबामुळे गोळीचा तळ किंचित फुगून नळीला घट्ट बसणे अपेक्षित असते. गोळी फार कठीण आणि दाब कमी असेल, तर हे घडत नाही. गोळी मुळातच व्यासाने लहान असल्यास तप्त वायू तिच्या कडेने निसटतात, शिसे झिजवितात आणि ते नळीत साचते. याउलट, गोळी फार मऊ आणि दाब जास्त असेल, तर ती खाचांची पकड सोडून घसरते. परिणामी नेम बिघडतो व शिसे साचतेच. म्हणजेच एकच दोष दोन परस्परविरुद्ध कारणांनी उद्भवतो.

यासाठी एक ठोकताळा प्रचलित आहे. प्रति चौरस इंच पौंडांत मोजलेल्या दाबास १४२२ ने भागल्यास योग्य काठिण्याचा अंदाज येतो. अमेरिकेतील ‘सामी’ या उत्पादकांच्या संस्थेने .३८ स्पेशलसाठी १७,००० पौंड प्रति चौरस इंच ही कमाल मर्यादा ठरविली आहे. त्यावरून काठिण्य सुमारे १२ येते. .३५७ मॅग्नमची मर्यादा ३५,००० असल्याने तेथे ते सुमारे २५, म्हणजे लायनोटाइपहूनही अधिक येते. प्रत्यक्षात मात्र योग्य व्यास, चांगले वंगण आणि तळाला तांब्याची लहान टोपी असल्यास याहून मऊ गोळीही समाधानकारक ठरते. त्यामुळे हा ठोकताळा दिशादर्शक आहे, नियम नव्हे.

४. कमी मापातील धोके :

दारूचे जलद व संथ असे प्रकार आहेत. कमी दाबाच्या हलक्या काडतुसांसाठी जलद, तर मॅग्नमसारख्यांसाठी संथ दारू निवडतात. जलद दारू अत्यल्प लागते. .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या काळातील, म्हणून आकाराने मोठी आहे. तिच्यात चुकून दुप्पट दारू पडली तरी ती सहज मावते आणि वरवर पाहता लक्षात येत नाही. अशा चुकीने शस्त्र फुटून हात व डोळे गमावण्याची वेळ येऊ शकते.

दुसरीकडे, दारू फारच कमी पडल्यास गोळी नळीतच अडकते व त्यानंतर झाडलेली दुसरी गोळी विनाशक ठरते. एच-११० सारख्या संथ दारूचे माप ठरावीक मर्यादेपलीकडे कमी करू नये, असा इशारा उत्पादकच देतात, कारण तिचे ज्वलन अनियमित होते. तसेच ९ मिलिमीटरसारख्या लहान पुंगळीत गोळी थोडी अधिक खोल बसविल्यासही जागा घटून दाब लक्षणीय वाढतो.

५. प्रकाशित तक्त्यांचे प्रामाण्य :

वरील सर्व घटक परस्परांवर परिणाम करतात. त्यामुळे केवळ तर्काने माप ठरविणे शक्य नाही. दारूचे उत्पादक दाबमापक उपकरणांनी चाचण्या घेऊन तक्ते प्रसिद्ध करतात. त्यांत गोळीचे वजन व प्रकार, दारू, आरंभीचे माप आणि कमाल माप दिलेले असते. आरंभीच्या मापापासून सुरुवात करावी, थोड्याथोड्याने वाढवावे आणि प्राइमर, पुंगळी किंवा गोळी यांपैकी एकही घटक बदलल्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी, ही मान्य पद्धती आहे. दोन वेगळ्या तक्त्यांतील आकडे एकत्र करणे धोक्याचे होय.

निष्कर्ष :

सारांश, ओतीव गोळीसाठी योग्य माप म्हणजे सर्वाधिक दारू नव्हे आणि सर्वांत कमी दारूही नव्हे. गोळीचा व्यास, काठिण्य आणि दाब यांचा जेथे मेळ बसतो ते माप योग्य होय. सूत्र येथे कारण समजावून सांगते, परंतु प्रत्यक्ष आकडा मोजलेल्या चाचणीतूनच घ्यावा लागतो. स्पष्टीकरण आणि मापन यांतील हा भेद विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी प्रस्तुत उदाहरण उपयुक्त ठरेल, असे वाटते.