जुनी सेडान घेताय? आधी तिचे पोट तपासा

चकचकीत रंग आणि नवी सीटकव्हर्स पाहून घरचे खूश होतात. पण जुन्या गाडीचा खरा खर्च दडलेला असतो बॉनेटखाली. पारख चुकली, तर सुट्टीतल्या सहलीचे पैसे गॅरेजात जातात.

बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकासारख्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि क्लच लवकर झिजतो. वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबताच इंजिन नुसतेच गुरगुरले, वेग वाढला नाही, तर प्लेट गेली समजा. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी जास्त. प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही त्याच वेळी बदला. मजुरी दोनदा पडणार नाही.

खड्ड्यांत खडखड आली, तर सस्पेन्शनचे बुश तपासा. कूलंटची गळती अंगावर काढू नका. पाइपचे काम स्वस्त, पण इंजिन तापून हेड गॅस्केट गेले की खर्च कित्येक पटींनी वाढतो.

होंडा सिटीच्या काही जुन्या गाड्यांतील टकाटा एअरबॅगचे इन्फ्लेटर सदोष निघाले होते. कंपनीने ते मोफत बदलून दिले. चॅसी नंबर दाखवून खात्री करा.

जे. सी. रोडवर सुटे भाग मिळतात, पण ब्रेकचे भाग नवेच घ्या. ओळखीच्या मेकॅनिककडून दुरुस्तीचा अंदाज काढा, तो किमतीतून वजा करा आणि मगच विसार द्या.