दाढ गेली की हाडही जातं

खालची डावी दाढ काढली तेव्हा मी पन्नाशीत होते. मागची दाढ, कुणाला दिसतेय, म्हणून जागा तशीच ठेवली आणि उजवीकडून चावत राहिले. आठ वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला. दाढेच्या जागचं हाड पावसाने बांध खचावा तसं खाली गेलं होतं. चावताना मुळातून दाब मिळतो म्हणून तिथलं हाड टिकतं. दाढ गेली की ते झिजतं, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. हे मला दाढ काढली त्याच दिवशी कळायला हवं होतं.

बाईंनी इम्प्लांट सुचवलं. इम्प्लांट म्हणजे नवं मूळ, टायटॅनियमचा सेंटिमीटरभर स्क्रू. 1952 साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. आत बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण शेवटी निघेचना, हाडाने ते धरून ठेवलं होतं! 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन यांच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. 2006 साली लार्सन वारले, तोवर ते स्क्रू टिकले.

माझं मात्र हाडच कमी. आधी हाडाची पूड भरली, त्यात चार महिने गेले. शिवाय मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) साडेआठ टक्के होती. ती सातवर आणल्याशिवाय बाईंनी हात लावला नाही. मिशरी-तंबाखूवाल्यांना तर बाई आधी ती सोडायलाच लावतात, कारण तंबाखूने जखम नीट भरत नाही.

स्क्रू बसवताना भुलीमुळे दुखलं नाही. फक्त घरघर थेट कानात ऐकू येत होती आणि गार पाणी सतत पडत होतं. ड्रिल तापलं तर हाडाच्या पेशी मरतात, म्हणून ते पाणी. मग तीन महिने नुसती वाट पाहायची, हाडाला स्क्रू धरू द्यायचा. त्यानंतर कॅप बसली. त्या संध्याकाळी ज्वारीची भाकरी डावीकडून चावली आणि डोळे भरून आले.

या दाताला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड पुन्हा झिजू शकतं, तेही बहुधा न दुखता. म्हणून रोज रात्री फटीतला बारीक ब्रश फिरवते, दर सहा महिन्यांनी तपासून घेते.

आणि एक करा. इम्प्लांटची कंपनी आणि माप लिहिलेलं कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्या. पुढे कधी कॅप धरणारा आतला छोटा स्क्रू सैल झाला, तर दुसऱ्या डॉक्टरांना त्याच कंपनीची हत्यारं लागतील.