दम राखून धावणे

मुंबईची मॅरेथॉन 2004 पासून जानेवारीच्या सुमारास भरते. तिच्या तयारीसाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्यावर पहाटे पुष्कळजण धावतात. त्यांत पाळी करून आलेला कामगारही असतो. वेळ थोडा, म्हणून तो रोजच जीव तोडून धावतो आणि महिनाभरात पोटरी धरून बसतो. विश्रांतीला आळस म्हणणारे मालक आम्ही बरेच पाहिले; येथे मालकही तोच आणि कामगारही तोच!

न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड हा बुटांच्या कारखान्यातला कामगार. 800 मीटरवाल्या पीटर स्नेललाही त्याने मोसमाआधी आठवड्याला शंभर मैल धावविले, पण धापा टाकू न देता. 1960 साली रोमला स्नेलने सुवर्णपदक मिळविले. सावकाश धावण्याने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, प्राणवायू अधिक पोचतो. जोराच्या धावण्याने वेग येतो खरा, पण त्याचा शीण निघायला एक-दोन दिवस द्यावे लागतात. म्हणूनच नामांकित धावपटू दहांपैकी सुमारे आठ वेळा हलकेच धावतात, असे अभ्यासकांना आढळले आहे.

हलके म्हणजे किती? सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे इतके. कान्हेरीच्या चढावर बोलणे तुटले, तर खुशाल चालावे. जोराचे दिवस आठवड्यात दोनच ठेवावेत. रात्रपाळी करून आल्यावर तर मुळीच नको.