शनिवारचा खाऊ

भाट्ये परिसरात वडील बोटीवरून रजेवर आले, की घरात चॉकलेटचे डबे येतात आणि मुले दिवसभर तोंड हलवीत राहतात. चॉकलेटप्रेमी नॉर्वेत मात्र गोड खाऊ शनिवारीच देण्याची रीत आहे. शेजारच्या स्वीडनमध्ये १९४५ ते १९५५ या काळात, रुग्णांच्या संमतीविना झालेल्या प्रयोगांत दिसले, की चिकट गोड पदार्थ दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्ल्यास दात फार किडतात. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल बनवितात. ते दात झिजविते. आपली आंबापोळी, फणसपोळीही दातांना चिकटतेच. म्हणून खाऊ आठवड्यातून एकदा, तोही जेवणाबरोबर द्यावा. नंतर चूळ भरवावी. रात्री दात घासल्यावर फक्त पाणी. दुधाचे दात पडणारच, म्हणून कीड अंगावर काढू नये. दुखरा दात मुलाचे जेवण आणि झोप दोन्ही हिरावतो.